‘साठ टक्के चान्स’ कुणी काढला?

प्रश्न : मी फलटणजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. मुलगी अकरावी सायन्सला आहे, इंटिग्रेटेड कॉलेजात. दहावीला सेमी-इंग्लिशमधून ९७.२० टक्के. सॅट या अमेरिकी प्रवेशपरीक्षेच्या सरावात १६०० पैकी १४८० आले. तिला अमेरिकेत इंजिनिअरिंग करायचंय. यादी अशी : हार्वर्ड, एमआयटी, स्टॅनफर्ड, कॉर्नेल, पर्ड्यू. एका कन्सल्टन्सीने ‘साठ टक्के चान्स आहे’ म्हणून सहा लाखांचं पॅकेज सांगितलंय. माझं उत्पन्न वर्षाला नऊ लाख, शिवाय तीन एकर बागायत. खरंच किती टक्के चान्स आहे? आणि रविवारी ती दुकानात बसून रजिस्टर लिहिते, त्यात अभ्यासाचा वेळ जातो. ते बंद करू का?

उत्तर : नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. रजिस्टर बंद करू नका. का, ते खाली येईलच.

आता साठ टक्के. आपल्याकडे असा अंदाज बांधता येतो, कारण आपला सगळा कारभार मेरिट लिस्टचा. सीईटीचा पर्सेंटाइल आणि गेल्या वर्षीचा कॅप राउंडचा कटऑफ समोर ठेवला की सीओईपीला कॉम्प्युटर मिळेल की नाही, हे फॉर्म भरून देणारा सायबर कॅफेवालासुद्धा सांगतो. बहुतेक वेळा बरोबर सांगतो. हार्वर्ड-एमआयटीला कटऑफच नसतो, तर टक्का काढायचा कशावरून?

हार्वर्डच्या प्रवेशांवरून तिकडे मोठा खटला झाला. २०२३ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, पण आपल्या कामाची आहे ती खटल्यात उघड झालेली माहिती. २०१५ मध्ये दाखल झालेल्या तुकडीसाठी अर्ज केलेल्या अमेरिकेतल्याच मुलांत, सॅटच्या गणितात पैकीच्या पैकी मिळवलेली साधारण ३,५०० होती. शाळेचे ग्रेड पैकीच्या पैकी असलेली ८,००० च्या वर. जागा जेमतेम १,६००-१,७००. नुसते पैकीच्या पैकीवाले घ्यायचे म्हटले तरी पाचातल्या चौघांना परत पाठवावं लागलं असतं. २०२४ च्या प्रवेशांना अर्ज आले ५४,००८ आणि निवड झाली १,९३७ जणांची. एमआयटीत सगळे धरून शंभरात साडेचार जणांना प्रवेश मिळतो, परदेशी मुलांत शंभरात जेमतेम दोघांना. तिथे सॅट सक्तीची आहे आणि निवडलेल्या मुलांचे गुण बहुतेक १५०० च्या वर असतात. १४८० वाईट नाहीत, पण ते वाढवावेच लागतील.

साठ टक्के हा आकडा सहा लाखांसाठी काढलेला आहे. तो विसरा.

पैशाचं गणित मात्र नीट समजून घ्या. माझ्याकडे येणारी निम्मी घरं इथेच चुकतात. हार्वर्डचा राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च ८५,००० डॉलरच्या वर, म्हणजे सत्तर लाखांच्या पुढे. हे ऐकून पालक हार्वर्डवर काट मारतात आणि ‘जरा स्वस्त’ म्हणून पर्ड्यू ठेवतात. तुमच्यासारख्या घरासाठी हिशोब नेमका उलटा आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, अ‍ॅमहर्स्ट अशी थोडी कॉलेजं निवड करताना परदेशी मुलाच्या घरी पैसा आहे का हे बघतच नाहीत आणि निवड झाली की गरज असेल तेवढी सगळी मदत देतात. नऊ लाखांच्या उत्पन्नावर तिथे जवळपास काहीच भरावं लागणार नाही. पर्ड्यू सरकारी विद्यापीठ आहे. परदेशी मुलांना घरची परिस्थिती पाहून मदत देणं तिथल्या सरकारी विद्यापीठांत जवळपास नाहीच. तिथे प्रवेश त्या मानाने सोपा, पण चार वर्षांत तीन एकर जाईल.

स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल मधल्या गटातली. मदत भरपूर देतात, पण मदत मागितली की निवडीच्या वेळीच ते विचारात घेतात. म्हणून काही जण सल्ला देतात, ‘आत्ता मागू नका, आत गेल्यावर बघू.’ हे अजिबात ऐकू नका. स्टॅनफर्डमध्ये परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी मदत मागितली नसेल तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही. कॉर्नेलमध्ये भारतीय मुलांसाठी टाटा स्कॉलरशिप आहे, एका वेळी वीसेक मुलांना मिळते. अर्ज कॉर्नेलमार्फतच, वेगळा एजंट लागत नाही. सगळीकडे उत्पन्नाचे कागद लागतील आणि जमीन, घर, दुकान हेही विचारतील. रिटर्नमधला आकडा आणि पत्रातले नऊ लाख जुळत नसतील, तर सीएंकडे बसून ते आत्ताच निस्तरा.

तुमच्या पत्रातला मला सगळ्यात जास्त खटकलेला शब्द ‘इंटिग्रेटेड’. म्हणजे दिवसभर क्लास, कॉलेज कागदावर आणि प्रॅक्टिकलपुरतं दर्शन. जेईईसाठी ते चालून जातं, इथे अडतं. एमआयटीला दोन शिक्षकांची पत्रं लागतात, एक गणित-विज्ञानाच्या आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाचं. इंग्रजीच्या मॅडमनी तुमच्या मुलीला वर्षभरात कितीदा पाहिलंय? माझ्याकडच्या एका हुशार मुलाला त्याच्या कॉलेजने अडीच ओळींचं पत्र दिलं होतं, क्लार्कने बोनाफाइडच्या फाइलमधून उचललेलं : हा आमचा विद्यार्थी आहे, वर्तणूक चांगली आहे. त्याचा अर्ज तिथेच बसला. तेव्हा या महिन्यातच प्राचार्यांना भेटा. नववी-दहावीचे मार्क शाळेकडून, अकरावीचे कॉलेजकडून, बारावीचे अपेक्षित मार्क शिक्षकांकडून, आणि कॉलेजच्या वतीने ऑनलाइन माहिती भरणारा एक जबाबदार माणूस, एवढं हवं आहे. अपेक्षित मार्क हा प्रकार स्टेट बोर्डाच्या कॉलेजांना नवा असतो, दोनदा समजावून सांगावं लागेल. आणि मुलीला इंग्रजीच्या तासाला बसू द्या, क्लासचा एखादा तास बुडाला तरी.

आता रजिस्टर. तुमचं पत्र वाचून मी फोन केला तेव्हा तिच्याकडूनच ऐकलं. तुमच्या रजिस्टरला चार रकाने होते : तारीख, गाव, एचपी, काय जळालं. तिने पाचवा आखला : वीज रात्रीची होती की दिवसाची. कारण शेतीला रात्रीची वीज मिळते त्या आठवड्यानंतर जळक्या मोटारी जास्त येतात, असं तिला वाटत होतं. वर्षभर लिहिल्यावर निघालं वेगळंच. रात्र-दिवसाचा फारसा फरक नव्हता, दोन ठरावीक गावांच्या मोटारी परत परत येत होत्या आणि त्यातल्या बहुतेक एक फेज गेल्यामुळे जळलेल्या. मग तिने त्या गावच्या गिऱ्हाइकांना स्टार्टरला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेली की मोटार बंद करणारं उपकरण, बसवायला सांगायला सुरुवात केली. तुमचा धंदा कमी करतेय पोरगी, हे तुमच्या लक्षात आलंय का?

आपला अंदाज चुकला हेही ती मोकळेपणाने सांगत होती. कन्सल्टन्सीच्या पॅकेजात ‘रिसर्च पेपर’ आणि एनजीओचं सर्टिफिकेट असेल, तसे पेपर तिकडे ढिगाने येतात. कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक अमेरिकी कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) उपक्रमांना दहा जागा असतात, प्रत्येकीला १५० अक्षरं. घरच्या धंद्यातलं काम त्यात बसतं, त्याचा स्वतंत्र प्रकारच आहे. मोठा निबंध ६५० शब्दांचा. तो तिचा तिला लिहू द्या. इंग्रजी सेमी-इंग्लिशवाल्या मुलीचं वाटलं तर वाटू दे, व्याकरण मी बघेन.

यादीत माझी एक भर : मॅसॅच्युसेट्समधलं स्मिथ कॉलेज. मुलींचं कॉलेज आहे, तरी इंजिनिअरिंगची पदवी देतं आणि निवडलेल्या परदेशी मुलींची पूर्ण गरज भागवतं. मदत मागितल्याचा विचार तेही करतात, पण एकंदर शंभरातल्या वीसेक जणींना घेतात. परदेशी मुलींना वाट जास्त अरुंद, तरी एमआयटीपेक्षा बरी. आपल्याकडे नाव ऐकलेलं नसतं, नातेवाइकांना सांगताना छाती फुगणार नाही. चालेल ना? पर्ड्यू काढा. सीईटी मात्र तिने द्यायचीच, सीओईपी-व्हीजेटीआय ही या घराची हक्काची जागा आहे. वरच्या सगळ्या कॉलेजांनी नाही म्हटलं, आणि ते म्हणण्याचीच शक्यता जास्त आहे, तर ती जूनमध्ये रिकाम्या हाताने बसता कामा नये.

कॉमन अ‍ॅप १ ऑगस्टला उघडतं. त्याआधी सॅट एकदा देऊन होऊ दे. मला फक्त दोन गोष्टी पाठवा : कर्ज न काढता वर्षाला किती भरू शकता तो आकडा, घरात दोघांनी बसून ठरवलेला. आणि रजिस्टरच्या त्या पाच रकान्यांच्या पानाचा फोटो, ग्रीसच्या डागांसकट.