अणुसिद्धांत मांडणारा शास्त्रज्ञ जॉन डाल्टन. त्याच्या नावावरून इंग्रजीत कोणते शब्द आले? ते आज वापरात आहेत का?

मुख्य शब्द दोन. ‘डाल्टन’ हे वस्तुमानाचं एकक आणि ‘डाल्टनिझम’ म्हणजे रंगांधळेपणा. पहिला प्रयोगशाळेत रोज वापरतात. दुसरा इंग्रजीत मागे पडलाय, तिथे आता ‘कलर ब्लाइंडनेस’च म्हणतात. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये मात्र तो अजून रोजच्या बोलण्यात आहे.

मी स्वतः रंगांधळा आहे, म्हणून लिहितोय.

बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा. ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबानं घालून रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजणं. गरम फ्लास्क, खाली पांढरी टाइल, ब्युरेटमधून (खुणा असलेल्या काचेच्या नळीतून) थेंब थेंब. फिकट गुलाबी छटा आली की थांबायचं. मला ती दिसेपर्यंत इतरांच्या मते द्रावण चांगलं गडद झालेलं असायचं. वर्षभर शेजारच्या मित्राला ‘आला का?’ असं हळूच विचारून मी भागवलं होतं. परीक्षेला तो दुसऱ्या बॅचमध्ये गेला. माझी तीन रीडिंग तीन तऱ्हेची आली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फ्लास्क खिडकीशी धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “रंग कळत नाहीत तर सायन्स घेतलंस कशाला?” घरी मामांनी तेच लावून धरलं: याला कॉमर्सला घाला.

अणुसिद्धांत मांडणारा माणूसच रंगांधळा होता, हे तेव्हा मला कुणीही सांगितलं नाही. जिरेनियमचं गुलाबी फूल डाल्टनला दिवसा आभाळासारखं निळं दिसायचं आणि मेणबत्तीच्या उजेडात लाल. इतरांना असा बदल दिसेना, त्याच्या भावाला मात्र दिसला. १७९४ मध्ये त्यानं मँचेस्टरमध्ये यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यांतला द्रवच निळसर असणार, असा त्याचा कयास होता. मेल्यावर डोळे तपासा, असं त्यानं सांगून ठेवलं. १८४४ मध्ये तो गेल्यावर ते तपासले, तर द्रव स्वच्छ निघाला. कयास चुकला. पण डोळ्यांचे अवशेष जपून ठेवले होते, आणि १९९५ मध्ये त्यांतल्या डीएनएवरून कळलं की हिरव्या भागातला प्रकाश टिपणारं रंगद्रव्य त्याच्याकडे नव्हतंच. डॉक्टरांनी मलाही हेच सांगितलंय.

मी रसायनशास्त्र सोडलं नाही. आज प्रथिनांवर काम करतो. दिवसभर तोंडात किलोडाल्टन, म्हणजे हजार डाल्टन, असतं: इन्सुलिन ५.८ किलोडाल्टनचं, वगैरे. एक डाल्टन म्हणजे कार्बन-१२ च्या अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग. प्रथिनं आकारानुसार वेगळी करायच्या जेलवरच्या रंगीत पट्ट्या मी रंगावरून नाही, जागेवरून ओळखतो. माझं काम कुठेही अडलेलं नाही.

तेव्हा घरात असं पोर असेल तर त्याचं सायन्स सोडवू नका. टायट्रेशनचा शेवट विद्युत विभव (व्होल्टेज) मोजूनही कळतो, डोळ्यांचीच गरज नाही. मामा, वाचत असाल तर हे तुमच्यासाठीही आहे. तुम्ही चुकला होतात.

मात्र रेल्वेचं इंजिन चालवण्यासारख्या कामांत रंगदृष्टीची अट असते, आणि ती रास्त आहे. तिथे हट्ट करू नये. आणि हो, शिक्षणातला ‘डाल्टन प्लॅन’ अमेरिकेतल्या डाल्टन गावावरून आलाय, तर झारखंडचं डाल्टनगंज (आताचं मेदिनीनगर) एका ब्रिटिश कर्नलवरून. त्यांचा या डाल्टनशी संबंध नाही. इंग्रजीत एककाचं नाव लिहिताना पहिलं अक्षर लहान ठेवा, माणसाचं लिहिताना मोठं.