घरात कॉम्प्युटर एक, लॉगिन तीन: प्रोग्रामचा डेटा कुठे ठेवू?

तू विचारलंयस की घरात एकच कॉम्प्युटर आहे, आई, बाबा आणि तू अशी तिघांची वेगळी लॉगिन आहेत, घरखर्चाचा प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहिलायस, आणि त्याची डेटाबेस फाइल प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवली तर बिघडतं काय. सेकंड इयरला आहेस म्हणतोस, म्हणून सरळ अरे-तुरे करतोय.

बिघडतं. आमच्या घरात दोन सख्खे भाऊ आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.

मंगळवार पेठेत आमच्या गल्लीची भिशी आहे. ३४ सभासद, दर रविवारी २०० रुपये, मधे कुणाला नड आली तर कर्ज, आणि दिवाळीआधी व्याजासकट वाटप. कोल्हापुरात भिशी समजावून सांगायला नको, चहाच्या टपरीचीही एक असते. आप्पांनी ती लाल वहीत चालवली. मी कॉलेजात व्हिज्युअल बेसिक ६ शिकलो आणि २००४ साली तिचा प्रोग्राम केला. डेटा मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये, फाइल प्रोग्रामच्या शेजारी. तेव्हा सगळे असंच करायचे. विंडोज एक्सपीवर घरात लॉगिन एकच, तेही ॲडमिनचं, म्हणजे सगळे हक्क असलेलं, कुठेही लिहा, अडवणारं कोणी नाही. सहा-सात वर्षं प्रोग्राम बिनबोभाट चालला आणि मला त्याचा चांगला माज चढला होता.

२०११ मध्ये विंडोज ७ चा नवा कॉम्प्युटर घेतला. जुन्यावर पुतण्याने एकदा खेळता खेळता भिशीचं आख्खं फोल्डर रिसायकल बिनमध्ये ओढलं होतं, ते माझ्या डोक्यात होतं. म्हणून तीन लॉगिन केली: माझं, दादाचं, पोरांचं. दादा तेव्हाच म्हणाला, "घरात चूल एक, टीव्ही एक, मग लॉगिन तीन कशाला पायजेत रं?" मी नेहमीप्रमाणे कानाडोळा केला.

प्रोग्राम सी ड्राइव्हवर प्रोग्राम फाइल्समध्ये टाकला, फेब्रुवारीपर्यंतच्या नोंदींची फाइल शेजारी ठेवली आणि कामं वाटून घेतली. रविवारची जमा मी भरायची. कर्ज, हप्ते आणि व्याज दादाने, कामावरून आल्यावर, आपल्या लॉगिनमधून. दोघांचे फॉर्म वेगळे, आणि एकूण बेरीज दिवाळीपर्यंत कोण बघतंय!

वाटपाच्या आदल्या रविवारी मी यादी काढली. जमा पैशापैशाला बरोबर. पण फेब्रुवारीनंतर एकही कर्ज नाही, व्याजाच्या रकान्यात शून्य. अकरा जणांनी मिळून १,४०,००० रुपये नेलेले मला तोंडपाठ होते. मी खालूनच ओरडलो, की आठ महिने तू संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसून करत काय होतास? दादा जेवणावरून उठून आला. हात न धुता आपलं लॉगिन उघडलं आणि दाखवलं. अकराच्या अकरा कर्जं तिथे होती, हप्त्यांसकट. माझी आठ महिन्यांची जमा मात्र गायब. "आता बोल. माझं कुठं चुकलं? तूच काय तरी पुसलास आन् वर मलाच इचारतोयस व्हय!"

आईसमोर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्यात "तुला माउस धरता येत नाही" हेही होतं.

रात्री मी प्रोग्रामवर राइट क्लिक करून ॲडमिन म्हणून चालवला. तिसराच हिशोब! जमा नाही, कर्ज नाही, सगळं फेब्रुवारीत थांबलेलं. एका घरात, एका कॉम्प्युटरवर, एकाच भिशीचे तीन हिशोब. पेनड्राइव्ह काढला, कारण मी शहाणा, दर रविवारी न चुकता फाइल कॉपी करत होतो. पेनड्राइव्हवरच्या सगळ्या कॉप्यांची साइज एकच, आतली तारीख एकच, फेब्रुवारीची. पस्तीस रविवार मी तीच शिळी फाइल निष्ठेने जपली होती.

मग प्रोग्रामचं फोल्डर उघडल्यावर वरच्या पट्टीत एक बटण दिसलं, 'कम्पॅटिबिलिटी फाइल्स'. ते आठ महिने तिथेच असणार, मी कधी बघितलं नव्हतं. दाबलं तर विंडोजने मला माझ्या युजर फोल्डरच्या पोटात नेलं: ॲपडेटा, त्यात लोकल, त्यात व्हर्च्युअलस्टोअर, त्यात प्रोग्राम फाइल्स, आणि तिथे माझी जमा असलेली फाइल. दादाच्या लॉगिनमध्ये त्याच वाटेने त्याची कर्जं.

भानगड अशी. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, साध्या हक्काने चालणाऱ्या प्रोग्रामला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहिता येत नाही. तुझं लॉगिन ॲडमिनचं असलं तरी प्रोग्राम एरवी साध्याच हक्काने चालतो. पण एक्सपीच्या काळातले माझ्यासारख्यांचे हजारो प्रोग्राम तिथेच लिहीत होते. ते एका रात्रीत बंद पडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने एक पळवाट ठेवली: जुना ३२ बिटचा प्रोग्राम तिथे लिहायला गेला की त्या फाइलची कॉपी गुपचूप त्या-त्या युजरच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये करायची आणि पुढचं सगळं तिथे लिहू द्यायचं. प्रोग्रामला वाटतं मूळ फाइलमध्येच लिहिलं. एक्सप्लोररमध्ये बघणाऱ्याला मात्र मूळ, शिळी फाइल दिसते. ॲडमिन म्हणून चालवलं की हे वळण लागत नाही, प्रोग्राम थेट मूळ फाइल उघडतो.

वाटप वेळेवर झालं ते वहिनीमुळे. पैसे तिच्या कपाटात असायचे, म्हणून दिलेली आणि आलेली प्रत्येक रक्कम ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायची, दुधाच्या खाड्यांशेजारी. चौकोनात वर "१ लि. खाडा", खाली बारीक अक्षरात "टेलरकाका ५०००". मी आणि दादाने न बोलता समोरासमोर बसून ते महिना-महिना उलटत जुळवलं. १० रुपयांचा फरक निघाला, तोही माझ्या बाजूला.

आता तुझं. तुझा पायथॉन बहुतेक ६४ बिटचा, म्हणजे नव्या जातीचा असेल, आणि त्याला व्हर्च्युअलस्टोअरची मेहेरबानी मिळत नाही. प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला गेलास की सरळ एरर देऊन आपटेल. नशीबवान आहेस, तोंडावर आपटलेला बरा. तिघांचा मिळून एकच हिशोब असेल तर फाइल प्रोग्रॅमडेटामध्ये, स्वतःचं फोल्डर करून ठेव. ते सी ड्राइव्हवरच असतं पण लपवलेलं, तेव्हा सापडत नाही म्हणून घाबरू नकोस. ज्याच्या-त्याच्या आवडीनिवडी, खिडकीचा आकार, शेवटी बघितलेला महिना वगैरे ज्याच्या-त्याच्या ॲपडेटामध्ये, लोकलमध्ये. लोकलशेजारचं रोमिंग हे फोल्डर ऑफिसच्या नेटवर्कसाठी आहे, घरात त्याने फरक पडत नाही. डॉक्युमेंट्समध्ये फक्त माणूस स्वतः उघडून बघेल ते, म्हणजे महिन्याचा रिपोर्ट. आणि कोडमध्ये 'सी' ठोकून लिहू नकोस, पत्ता विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घे, म्हणजे असे पत्ते विंडोज ज्या नावाने लक्षात ठेवते त्यातून.

काही जण तुला सांगतील की एवढी उठाठेव कशाला, तिघांनी एकच लॉगिन वापरा. आमचा दादा आजही दर दिवाळीला वाटपाच्या यादीवर सही करताना हेच ऐकवतो. एक लॉगिन असतं तर ते झालं नसतं, हे खरं आहे, आणि मला तेच खुपतं. पण मग पुतण्याने फोल्डर कचऱ्यात टाकलं ते कुठल्या लॉगिनमध्ये? चूक डेटाच्या जागेची होती, म्हणजे माझी. मी तेव्हा घरात "विंडोजचा घोळ आहे" एवढंच सांगून सुटलो. नोंदी दादाने रोजच्या रोज केल्या होत्या, एकही राहिली नव्हती, हे त्याला तोंडावर मी अजून म्हटलेलं नाही.

हां, एक राहिलंच, आणि याच्याशिवाय वरचं सगळं फुकट जाईल. प्रोग्रॅमडेटामध्ये तू केलेली फाइल आईच्या लॉगिनमधून वाचता येते, पण बदलता येत नाही. फोल्डर केलंस की त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीच्या टॅबवर जाऊन युजर्सना 'मॉडिफाय' दे, आणि आईच्या लॉगिनमधून एक खोटी नोंद टाकून बघ. माझ्यासारखं दिवाळीला बघू नकोस. फाइल वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीच्या फोल्डरात ठेवू नकोस, प्रोग्राम चालू असताना सिंक (ऑनलाइन कॉपीशी जुळवणी) मधे घुसलं की डेटाबेस बिघडू शकतो. बॅकअप घेतलास की ती कॉपी उघडून आतली शेवटची नोंद बघत जा, आणि एक कॉपी घराबाहेर ठेव. २०१९ च्या महापुरात आमच्या आत्याचा कॉम्प्युटर आणि त्याचा बॅकअप एकाच कपाटात भिजले.

आणि आईने प्रोग्राम उघडा ठेवून नुसतं युजर बदललं, तर अर्धवट राहिलेली नोंद बाबांना 'डेटाबेस लॉक्ड' दाखवू शकते. काम झालं की लॉग आउट करायला सांग. मी आमच्या घरात हे कधीपासून सांगतोय, दादा अजून नुसतं मॉनिटरचं बटण दाबून उठतो.