‘बाबा सत्तेचाळीसाव्या वर्षी गेले, आता माझा नंबर?’

“आमच्या घराण्यातच हार्टचं आहे, मॅडम.” हे वाक्य आता माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आठवड्यातून एकदा तरी येतं. बोलणारा बहुधा चाळिशी ओलांडलेला असतो, मांडीवर रिपोर्टांची फाइल असते.

सुहास (नाव बदललं आहे) यांची फाइल जरा जास्तच जाड होती. वय ४६. वर्षभरात सात ईसीजी, दोन टूडी इको, एक स्ट्रेस टेस्ट. मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ. जिने चढणं बंद, मुलाबरोबरचं बॅडमिंटन बंद. वडील ४७व्या वर्षी गेले होते आणि सुहास यांचा पुढचा वाढदिवस आठ महिन्यांवर होता.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“हार्ट ठीक आहे म्हणाले. बीपी तेवढं दीडशे-पंचाण्णव. गोळी दिलीय.”

“घेता?”

“नाही. एकदा सुरू झाली की जन्माची मागे लागते.”

“आणि सिगारेट?”

ते ओशाळून हसले. “टेन्शन आलं की. म्हणजे... रोज आठ-दहा.”

घाबरलेला माणूस जिवाचं रान करतो, फक्त उपयोगाचं तेवढं राहून जातं. ईसीजी त्या क्षणाचं हृदय दाखवतो; पुढच्या वर्षाची हमी त्यात नसते. पण कागदावर ‘नॉर्मल’ वाचलं की दोन दिवस बरं वाटतं, आणि मग त्या बरं वाटण्याचीच चटक लागते. बीपीची गोळी असा दिलासा देत नाही. ती मुकाट्याने काम करते, म्हणून ड्रॉवरमध्ये पडून राहते.

“तुम्हाला काही होणार नाही” असं मी म्हटलं नाही. ते खोटं ठरलं असतं. वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर धोका खरोखर वाढतो. मी विवेकनिष्ठ विचारांची समुपदेशक आहे. ‘मला होऊ नये’ ही इच्छा रास्त, पण ‘होणारच नाही याची खात्री मिळालीच पाहिजे’ हा हट्ट माणसाला पोखरतो, असं मी मानते. दोन बैठका मी हेच सांगत राहिले. सुहास मान डोलवायचे आणि घरी जाऊन नाडी मोजायचे.

तिसऱ्या वेळी मी माझं सांगणं थांबवून विचारलं, “बाबा कसे गेले?”

“अचानक. मी नववीत होतो. शाळेतून आलो तर अंगणात माणसं. एकदम अचानक, मॅडम.”

दोनदा ‘अचानक’. माझे कान टवकारले. म्हटलं, “आईंना विचाराल? अचानक म्हणजे नेमकं कसं?”

पुढच्या वेळी ते आल्या आल्या म्हणाले, “अचानक नव्हतंच ते.” चार महिने बाबांना चढावर सायकल दामटताना छातीत आवळून यायचं, थांबलं की बरं वाटायचं. गॅस म्हणून सोडा प्यायचे. दिवसाला बिडीचं बंडल संपायचं. आदल्या रात्री दरदरून घाम आणि जबडा दुखत होता. म्हणाले, दाढ असेल.

“आई इतकी वर्षं बोलल्या नाहीत?”

“कुणी विचारलंच नाही.”

मग बराच वेळ शांतता. मी ती मोडली नाही. वीस वर्षांत एवढं शिकले आहे. शेवटी तेच म्हणाले, “म्हणजे मीही तेच करतोय. फक्त सोड्याऐवजी ईसीजी.”

हे मी सांगितलं असतं तर उपदेश झाला असता. तीस वर्षं ते वडिलांचं हृदय वारशात आलं म्हणून घाबरत होते. वारशात सवयीही आल्या होत्या, आणि त्या बदलता येत होत्या. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने पहिल्या झटक्याच्या धोक्याचा सुमारे ९० टक्के भाग तंबाखू, बीपी, मधुमेह, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, आहार, व्यायाम, दारू आणि मनावरचा ताण अशा नऊ गोष्टींशी जोडला. घराण्याच्या इतिहासाने धोका वाढतो हे खरंच, पण या एकूण हिशेबात त्याने फारशी भर घातली नाही.

मग कामं साधी होती. गोळी रोज, ब्रशशेजारी ठेवून. सिगारेट बंद, हे सर्वांत अवघड गेलं, दोनदा घसरले. मिसरी-मावा लावणाऱ्यांनीही स्वतःला यातून वगळू नये. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं, डॉक्टरांना विचारून. मीठ दिवसाला चहाच्या एका चमच्याहून कमी, त्यात लोणचं-पापड-फरसाण धरून. कमरेचा घेर पुरुषांचा ९० आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत.

एक गोष्ट मात्र कधीच घरी ठरवू नका: छातीतलं दुखणं भीतीचं की हृदयाचं. दडपण काही मिनिटांत जात नसेल, हात, जबडा किंवा पाठीकडे सरकत असेल, घाम किंवा दम असेल, तर १०८. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. बायकांमध्ये कधी नुसता दम किंवा कमालीचा थकवाच दिसतो. माझ्याकडे येणाऱ्यालाही मी आधी डॉक्टरांकडेच पाठवते.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सुहास यांचा फोन आला. आवाज घाबराच होता, पण विषय वेगळा.

“आईला देवळाच्या पायऱ्या चढताना दम लागतोय. म्हणते, गॅस आहे.”

“मग?”

“मग काय, रिक्षातूनच बोलतोय. दवाखान्यात निघालोय.”