अमेरिकेत तिसरा पक्ष का रुजत नाही?
मुख्य कारण निवडणूक पद्धतीत आहे. सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार विजयी ठरत असल्यामुळे देशभर विखुरलेल्या मतांना जागांच्या हिशेबात किंमत उरत नाही. १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना सुमारे १९ टक्के मते मिळूनही निर्वाचक मंडळातील (राज्यांच्या प्रतिनिधींचे, अध्यक्ष निवडणारे मंडळ) एकही मत मिळाले नाही. मग मत वाया जाईल या धास्तीने मतदार दोन मोठ्या पक्षांपैकी त्यातल्या त्यात बऱ्याकडे वळतो. उमेदवारीच्या अटीही राज्यागणिक वेगळ्या आहेत.

विधानसभेसाठी पद्धत आपल्याकडेही तीच आहे. परंतु मते एका भागात एकवटली की चित्र पालटते, म्हणूनच २००९ मध्ये नवख्या मनसेला आमच्या नाशिक शहरात तीन जागा जिंकता आल्या. (२०१४ मध्ये त्या तिन्ही गेल्या, हा भाग वेगळा.)