ग्लास फुटला एवढंच सांगू नकोस

पोरी,

रात्री तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. साडेचार मिनिटांच्या मेसेजमध्ये तू पैशाचं दोनदा विचारलंस, गिऱ्हाईकाचे अर्धे परत करू का म्हणून, आणि हाताचं एकदाच, तेही शेवटी जाता जाता, की अंगठ्याजवळ बधिर वाटतंय. आधी राग आला, मग झोपच लागेना, म्हणून सकाळी चहाच्या आधी हे टाईप करत बसलेय. चुका असतील त्या सोडून दे.

मी बरोबर समजले का बघ. मंगळवारी रात्री दहाच्या सुमाराला, कळंगुटच्या लॉजवर, गिऱ्हाईक पिऊन बाथरूममध्ये घसरलं, बेसिनची कड कपाळाला लागली, हातातला ग्लास फुटला, तू त्याला उठवायला वाकलीस आणि काच तुझ्या तळव्यात गेली. त्याच हातानं तू त्याच्या कपाळावर टॉवेल दाबून धरलास. मग त्याला पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या मागे बसवून हॉटेलवर पाठवलंस, स्वतःच्या हाताला कॉफी पावडर लावलीस आणि घरी येऊन झोपलीस. आज गुरुवार आहे.

त्याच हातानं, कळतंय का? त्याचं रक्त आणि तुझी उघडी जखम. कंडोम होता म्हणालीस, बरं केलंस, पण इथं त्याचा काय संबंध. पेपच्या, म्हणजे रक्तातून एचआयव्ही लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, पुढं 28 दिवस न चुकवता. तुझे 72 तास उद्या रात्री दहाला संपतात, आणि शेवटच्या तासाला गेलं तरी चालतं असं समजू नकोस, खरं तर त्या रात्रीच जायला पाहिजे होतं, जेवढा उशीर तेवढा त्या गोळ्यांचा उपयोग कमी. तो चांगल्या घरचा वाटत होता म्हणे. चांगल्या घरचे लोक काय रक्ताचा रिपोर्ट खिशात घेऊन फिरतात?

आता तू म्हणणार, जाते की दवाखान्यात, सांगते भांडी घासताना ग्लास फुटला. हेच नको. एवढ्यासाठीच लिहितेय. असं सांगितलंस तर डॉक्टर टाके घालेल, टीटीचं इंजेक्शन देईल आणि घरी पाठवेल. दुसऱ्याचं रक्त लागलंय हे त्याला स्वप्नात दिसणार आहे का? पेप तो कशासाठी देईल? पोलिसाला काय सांगायचं, घरमालकिणीला काय सांगायचं, गावाकडं आईला काय सांगायचं ते तुझं तू ठरव, मी पण आयुष्यभर थापा मारल्यात. डॉक्टरला खरं सांगायचं. सगळं नाही, धंद्याचा हिशोब त्याला द्यायची गरज नाही, पण अंगाशी ज्याचा संबंध आहे ते सगळं.

हे मी कुठून शिकले ते तुला कधी सांगितलं नाही. 2011 ची गोष्ट. पन्नाशीचं गिऱ्हाईक, घाटावरचं, बोलायला गोड. खोलीत अर्ध्या तासात त्याच्या छातीत दुखायला लागलं, घाम असा की उशी भिजली. मी पळाले नाही हं, आधी हे लक्षात घे. 108 ला फोन मीच लावला, त्याला शर्ट मीच घातला, बटणं वरखाली लागली तरी घातला, आणि गाडीत त्याच्याबरोबर बसले. कॅज्युअल्टीत विचारलं कोण लागता, म्हटलं बहीण. विचारलं आज काही गोळी घेतली का यांनी, म्हटलं नाही. आणि निळ्या गोळीचं, व्हायग्राचं, फाटलेलं पाकीट मी माझ्या डोळ्यांनी ॲशट्रेत बघितलं होतं. बहीण म्हटल्यावर ती गोळी कशी सांगणार, तूच सांग. त्यांनी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली, हार्टची गोळी. थोड्या वेळात बीपी एकदम खाली गेलं, नर्स धावली, पडदा ओढला. मी तिथून बाहेर आले ती आलेच.

पुढं त्याचं काय झालं मला माहीत नाही. बऱ्याच वर्षांनी पिअरच्या, म्हणजे आपल्यातल्याच बायकांना आरोग्याचं सांगणाऱ्या बायकांच्या, ट्रेनिंगमध्ये कळलं की ती निळी गोळी घेतलेल्या माणसाला चोवीस तास तरी ही हार्टची गोळी द्यायची नसते, बीपी कोसळतं. दुसऱ्या एका कंपाऊंडची असली, छत्तीस तासवाली म्हणतात ती, तर दोन दिवस. ट्रेनिंगला सगळ्या लिहून घेत होत्या आणि मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरून उभी होते. तेव्हा मला शिकवलं होतं कुणी? कोण होतं विचारायला? नावगाव लिहिलं असतं, पोलीस आले असते, खोली गेली असती, माझ्या पोरीची शाळा सुटली असती. हे सगळं खरं आहे. पण एका शब्दाचं काम होतं आणि तो मी बोलले नाही, हे पण खरंच आहे.

बायण्यात, वास्कोच्या आपल्या जुन्या वस्तीत, असते तर असं झालं नसतं कदाचित. तिथं भिंतीपलीकडं दहा बायका असायच्या, एक किंचाळली की दार लाथेनं उघडायच्या, कुणाला रिक्षा माहीत, कुणाला कंपाउंडर माहीत. 2004 च्या जूनमध्ये ऐन पावसात ते सगळं पाडलं, आणि धंदा गेला लॉजवर, मोबाईलवर, प्रत्येक जण एकटी. बायणा काही चांगली जागा नव्हती, तिथला मार मी विसरले नाही. पण जखम झाली की एकटीनं बसावं लागायचं नाही. म्हणून म्हणते, लॉजवर जाताना एका तरी मैत्रिणीला खोली नंबर कळव, सुटल्यावर मिस्ड कॉल दे. तुला हे कटकटीचं वाटतं. वाटू दे.

त्या गिऱ्हाईकाला काल फोन केलास का? नाही ना. डोक्याला मार लागलेला माणूस, वर दारू प्यालेला, त्याला पायलटच्या मागं एकटा पाठवतात का गं? प्यालाय म्हणून गुंगलाय की डोक्यात रक्त साकळलंय हे बघून कळत नाही. सारखी ओकारी, हाक मारली तरी नीट जाग नाही, बोलताना जीभ अडखळते, असं काही दिसलं की 108. आणि एकट्याला झोपू द्यायचं नाही. मेसेज कर त्याला आत्ता, दोनच ओळी, की डोकं दुखत असेल, उलटी झाली असेल तर तसाच दवाखान्यात जा. पैसे परत करायचं मनातून काढून टाक. तो स्वतः घसरला.

आणि ती कॉफी पावडर! हळद, कॉफी, टूथपेस्ट, तुमच्या पिढीकडं मोबाईल असून सुद्धा! जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायची, स्वच्छ कपडा किंवा नवीन सॅनिटरी पॅड ठेवून दहा मिनिटं घट्ट दाबायचं, हात वर धरायचा, मध्ये मध्ये उचलून बघायचं नाही, थांबलं का थांबलं का करत. खोल रुतलेली काच आपण ओढायची नाही. आणि अंगठा बधिर म्हणजे नस दुखावली असू शकते, वाकवून बघ, वाकत नसेल तर ते पण सांग.

भीती एमएलसीची आहे, माहीतय मला. एमएलसी म्हणजे तुझ्यावर केस नव्हे, मार कसा लागला त्याची दवाखान्याची नोंद. आधी उपचार, कागद नंतर, हे सुप्रीम कोर्टानं 1989 लाच सांगून ठेवलंय. आणि 2022 च्या मे महिन्यात त्याच कोर्टानं सांगितलं की धंद्यातल्या बाईवर जबरदस्ती झाली तर तिला पण इतर कुठल्याही बाईसारखीच सगळी मदत मिळायला हवी, लगेच उपचार धरून. तुझ्यावर जबरदस्ती झाली नाही, पण पुढं कधी झाली तर हे लक्षात असू दे, आणि तेव्हा तर अंघोळ न करता जायचं, कपडे न धुता. काउंटरवर कुणी तोंड वाकडं करेल, करतातच. सव्वीस वर्षांची बाई आहेस, कुणाच्या तोंडाकडं बघून हात सडवणार आहेस का?

तर काय बोलायचं ते पाठ कर. “मंगळवारी रात्री दहाला काच लागली, त्याच जखमेला दुसऱ्या माणसाचं रक्त लागलं, त्याची तपासणी झालेली माहीत नाही, मला पेप पाहिजे.” बस्स. तो माणूस कोण, खोली कुठली, हे नाही विचारलं तर सांगू नकोस. विचारलंच तर गिऱ्हाईक म्हण. मी 2011 ला म्हणू शकले नाही, तू म्हण.

दहाच्या बसनं निघ, म्हापशात उतरून पणजीची धर, तिथून बांबोळी. मी साडेअकरापर्यंत गोमेकॉच्या, सरकारी मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीपाशी येते, निळी छत्री. आधार कार्ड घे, काहीतरी खाऊन ये, लाईन असते. हाताला आता काहीही लावू नकोस.

अक्का