सापडलेला सोन्याचा दागिना किती जुना? आधी त्यातली सगळ्यात नवी खूण शोधा

तुम्ही दोन वस्तूंबद्दल विचारलंय: मेटल डिटेक्टरने शेतात सापडलेली, आतून ‘१५’ आणि ‘.६२५’ असे शिक्के असलेली अंगठी आणि लाल खड्यांचा, शिक्का नसलेला ब्रोच. अंगठीचं उत्तर तिच्या शिक्क्यातच आहे. ब्रोचला वेळ द्यावा लागेल.

त्याआधी धुण्याबद्दल, कारण बहुतेक नुकसान तिथेच होतं. अंगठी कोमट साध्या पाण्यात ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या. उरलेली माती ओली असतानाच लाकडी टूथपिकने हळूच काढा. ब्रश नको. मातीत वाळूचे बारीक कण असतात, ते घासले गेले की आधीच झिजलेला शिक्का कायमचा जातो. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, अल्ट्रासॉनिक मशीन यांपैकी काहीच नको. ब्रोच तर पाण्यात बुडवूच नका. मोती असेल तर तो आम्लात विरघळतो, आणि खडे मागून बंद कोंदणात असतील तर खड्याखाली चकाकीसाठी लावलेला पातळ पत्रा ओल शिरली की काळा पडतो. त्याला ओलसर कापूस पुरे.

सोनं खरं आहे का, हे बिनखड्याच्या अंगठीसाठी घनतेवरून बरंच कळतं. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा. आधी अंगठी कोरडी असताना तिचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवून आकडा शून्य करा आणि अंगठी बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबती धरा, तळाला किंवा काठाला न टेकवता. आता काटा जे ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर तिचं आकारमान. समजा वजन ४.३४ आणि पाण्यातला आकडा ०.२८ आला, तर भागाकार १५.५, म्हणजे साधारण १८ कॅरट. २२ कॅरट १७.७ च्या आसपास येतं, १४ कॅरट १३ ते १३.५, ९ कॅरट ११ च्या जवळपास. पितळ साडेआठच्या आसपासच अडकतं. पण याच उदाहरणात पाण्यातला आकडा ०.०१ ने चुकला तरी उत्तर १५ ते १६ मध्ये कुठेही जातं, त्यामुळे दोनेक ग्रॅमच्या नाजूक अंगठीवर या पद्धतीचा भरवसा धरू नका. अंगठीला बुडबुडे चिकटले तर घनता कमी दिसते. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की ते सुटतात. कसोटीच्या दगडावर घासायची घाई करू नका, तो ओरखडा परत भरून निघत नाही. एक्स-रे मशीनने कस काढून घेतलात तर हे लक्षात ठेवा की मशीन फक्त वरचा थर वाचतं. वर्षानुवर्षं मातीत राहिलेल्या सोन्याच्या पृष्ठभागावरचं तांबं आणि चांदी निघून गेलेली असते, त्यामुळे कस खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो.

आता शिक्के. १० पट भिंग घ्या आणि प्रकाश बाजूने, तिरपा पाडा. समोरून टॉर्च मारलात तर झिजलेला शिक्का दिसतच नाही. ब्रिटनमध्ये १८५४ मध्ये ९, १२ आणि १५ कॅरटला परवानगी मिळाली आणि १९३२ मध्ये १२ व १५ बंद होऊन त्यांच्या जागी १४ आलं. म्हणून ‘१५’ आणि ‘.६२५’ (२४ पैकी १५ भाग सोनं, दशांशात) जोडीने दिसले की अंगठी बहुधा त्याच ७८ वर्षांतली. अजून नेमकं वर्ष हवं असेल तर शहराची खूण शोधा: जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. मगच वर्षाचं अक्षर, म्हणजे दर वर्षी बदलणारी खूण, हॉलमार्कच्या तक्त्यात बघा. १९७५ पर्यंत प्रत्येक शहराचा अक्षरक्रम वेगळा होता, त्यामुळे शहर न ठरवता फक्त अक्षरावरून वर्ष काढणं म्हणजे अंदाजपंचे. अक्षराची लिपी आणि भोवतालच्या ढालीचा आकारही तक्त्याशी जुळायला हवा. राजा किंवा राणीचं छोटं मुंडकं दिसलं तर तो बहुधा कर भरल्याचा शिक्का, म्हणजे १८९० किंवा त्याआधीचा काळ. शिक्का नाही म्हणून सोनं नाही, असं मात्र नसतं. जुन्या छोट्या दागिन्यांना अनेकदा सूट असायची. उलट ‘जीएफ’, ‘आरजी’ किंवा ‘१/२० १२के’ अशी अक्षरं सापडली तर वरचा फक्त थर सोन्याचा.

ब्रोचवर शिक्का नाही, तेव्हा घडणीकडे वळा. इथे नियम एकच: वस्तू तिच्यातल्या सगळ्यात नव्या मूळ भागापेक्षा जुनी असू शकत नाही. घाट कितीही पुरातन वाटो, नक्कल दर पिढीत होत आली आहे. भिंगाखाली लाल खड्यात वक्र, समांतर रेषा किंवा गोल बुडबुडे दिसले तर तो कृत्रिम माणिक, म्हणजे बहुधा १९०२ नंतरचा. काच असेल तरी असेच बुडबुडे आणि वळणं दिसतात, म्हणून खड्याचा कठीणपणा रत्नपारख्याकडून तपासून घ्या. मागची टाचणी साध्या ‘सी’ आकाराच्या आकड्यात अडकत असेल आणि तिचं टोक ब्रोचच्या कडेबाहेर येत असेल तर एकोणिसावं शतक संभवतं. फिरवून बंद होणारी कडी विसाव्या शतकातली. मात्र ‘मूळ’ या शब्दाला इथे वजन आहे. टाचणी आणि आकडा हे सर्वांत आधी तुटणारे भाग, त्यामुळे ते बदललेले असण्याची शक्यता मोठी. झाळलेल्या जोडाभोवती करड्या शिशाचा ढेकूळ किंवा सोन्याच्या रंगात फरक दिसला तर तो भाग नंतरचा. त्यावरून ब्रोचचा काळ ठरवू नका, कोंदण आणि खडे यांवर ठरवा.

विकायच्या आधी तुमच्या भागातला सापडलेल्या मालमत्तेचा कायदा बघा. इंग्लंड आणि वेल्समध्ये किमान ३०० वर्षं जुनी आणि १० टक्क्यांहून कमी नाही इतका मौल्यवान धातू असलेली वस्तू सापडल्यावर, किंवा ती तशी असल्याचं लक्षात आल्यावर, १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा वस्तूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावी लागते. तुमची अंगठी त्यात बसत नाही, पण ब्रोचचे खडे बंद कोंदणात असतील आणि कृत्रिम माणिकाची एकही खूण नसेल, तर आधी ही शक्यता पडताळून बघा.