मुंबईत गेल्या पन्नास वर्षांत कुठलं रेडिओ स्टेशन नंबर वन होतं? रेटिंग कसं बदलत गेलं?

तक्ता नाही मिळणार, आधीच सांगतो. तुम्ही प्रोजेक्टसाठी विचारलंय की १९७५ पासून आजपर्यंत मुंबईत दर दशकात कुठल्या स्टेशनला किती टक्के ऐकणारे होते त्याची यादी कुठे मिळेल. अशी सलग यादी बनूच शकत नाही, कारण मोजायची पट्टीच मधेमधे बदलत गेली. कधी लायसनं मोजली, कधी पोस्टातली पत्रं, कधी घरोघर जाऊन विचारलं, कधी डायरी भरून घेतली, आणि ह्यातलं एक दुसऱ्याशी जुळत नाही. मी २००८ साली कॉलेज संपल्या संपल्या अशा डायऱ्या वाटायचं काम केलंय (दर आठवड्याच्या रेटिंगचं नव्हे, एका एजन्सीचा एकदाच झालेला सर्व्हे होता, नाव नको), त्यामुळे त्या आकड्यांच्या पोटात काय असतं ते थोडं बघितलंय.

सुरुवातीला तर प्रश्नच नव्हता. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन, आणि ती कंपनी तीनेक वर्षांत बुडाली पण. ऐकणारे किती हे कळायचं लायसनांवरून. हो, रेडिओला लायसन लागायचं, दरवर्षी पोस्टात जाऊन फी भरायची आणि पुस्तकात तिकीट लावून आणायचं, आमच्या आजोबांचं ते पुस्तक अजून कपाटात आहे. ऐंशीच्या दशकात हा प्रकार बंद झाला. पण लायसन काय सांगतं, तर घरात सेट आहे. त्यावर काय लागतं हे नाही सांगत, आणि एका सेटला किती कान लागलेत हे तर अजिबातच नाही. आई लालबागच्या चाळीत वाढली, ती सांगते की मजल्यावर दोन सेट होते आणि कामगार सभा (आकाशवाणीचा कामगारांसाठीचा कार्यक्रम) अख्खा मजला ऐकायचा. आता ह्याला दोन ऐकणारे धरायचे की चाळीस?

आणि लागायचं काय, तर बऱ्याच घरांत रेडिओ सिलोन, म्हणजे श्रीलंकेतलं कोलंबोचं स्टेशन. १९५२ ला आपले केसकर (बाळकृष्ण विश्वनाथ, पुण्याचे) माहिती आणि प्रसारण मंत्री झाले, त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची, आकाशवाणीवर ती जवळजवळ बंदच झाली, आणि सगळा पब्लिक शॉर्टवेव्हवर कोलंबोला गेला. गंमत म्हणजे कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचे इथेच मुंबईत, टेपा विमानाने तिकडे जायच्या आणि आवाज खरखरत परत मुंबईत यायचा. त्याच वर्षी डिसेंबरात बिनाका गीतमाला सुरू झाली, अमीन सयानींची. माझ्या मते आपल्याकडची पहिली खरी रेडिओ-मोजणी हीच. आधी ती स्पर्धा होती, सात गाणी लावायची, श्रोत्यांनी क्रम ओळखून पाठवायचा, बक्षीस १०० रुपये. सयानी स्वतः सांगायचे की पहिल्या कार्यक्रमालाच नऊ हजार पत्रं आली आणि पुढे आठवड्याला साठ हजारांच्या वर गेली. एवढी पत्रं तपासणार कोण, म्हणून मग स्पर्धा सोडून गाण्यांचे नंबर लावायला सुरुवात झाली, रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि श्रोता संघांची मतं धरून. म्हणजे मोजणी झाली ती गाण्यांची. पण स्पॉन्सर टूथपेस्टवाला होता, त्याला ती पत्रांची पोती बघूनच कळत होतं की आपले पैसे वसूल आहेत.

पत्रांचा एक मोठा लोचा आहे. पत्र तोच लिहितो ज्याला हौस असते. फर्माइशीत झुमरी तलैया हे नाव ऐकलं असेलच, तिथले पाच-सहा हौशी लोक इतकी पत्रं टाकायचे की पत्रांवरून रेटिंग काढलं असतं तर हे छोटंसं गाव मुंबईच्या वर निघालं असतं. हे हसण्यावारी नेऊ नका, हाच लोचा पुढे डायरीत आहे, आणि आता इन्स्टावरच्या कमेंटमध्येही तोच.

तुमच्या १९७५ मध्ये परिस्थिती अशी की विविध भारती होती (१९५७ पासून, आणि तिच्यावर जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ पासून, मुंबई-पुणे-नागपूरला सगळ्यात आधी), शिवाय आकाशवाणीची मुंबई अ, मुंबई ब ही केंद्रं. सगळी एकाच मालकाची! नंबर वन कोण विचारलं तर सरकार, नंबर टू सरकार. आकाशवाणीचा स्वतःचा श्रोता संशोधन विभाग होता, त्यांचे सर्व्हे व्हायचे, पण ते कार्यक्रम आवडला का, कळला का ह्या अंगाने. आठवड्याला टक्के काढून कोणाला दाखवायचे होते? मग १९९३ ला एफएमवरचे तास खासगी लोकांना विकायला काढले, टाइम्स एफएम, रेडिओ मिड-डे वगैरे, १९९८ पर्यंत ते चाललं. तेव्हाही स्टेशन आकाशवाणीचंच, फक्त तास भाड्याने.

खरी मारामारी २००२ ला. त्या वर्षी मुंबईत एकदम पाच खासगी एफएम आली, सिटी, मिर्ची, रेड, गो आणि विन. लायसन फी ऐकली तर झोप उडेल, वर्षाला ९.७५ कोटी, वर दरवर्षी १५ टक्के वाढ. हे पैसे काढणार कुठून, जाहिरातीतून. आणि जाहिरातदाराने विचारलं की तुम्हाला ऐकतं कोण, तर दाखवायला धड काही नाही! तेव्हा जे होतं ते इंडियन रीडरशिप सर्व्हेसारखं, म्हणजे मुळात पेपर कोण वाचतं त्याचा सर्व्हे, त्यात रेडिओचे चार प्रश्न. वर्षातून कधीतरी यायचं. विन तर लवकरच बंद पडलं. २००५ ला सरकारने नियम बदलला, एकदाच एंट्री फी आणि मग उत्पन्नाच्या ४ टक्के, तेव्हा कुठे बाकीच्यांनी श्वास घेतला आणि बिग, फिव्हर वगैरे नवीन आले.

आठवड्याचं रेटिंग सुरू झालं २००७ ला, टॅम कंपनीचं रॅम, म्हणजे रेडिओ ऑडियन्स मेजरमेंट. मुंबई, दिल्ली, बंगळूर, नंतर कोलकाता. पुणे नाही, नागपूर नाही. म्हणजे तुम्हाला जी टक्केवारी हवीय ती पन्नास वर्षांतली २००७ पासूनच आहे, आणि तीसुद्धा डायरीने काढलेली.

डायरी म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी गोम इथे आहे. आमच्यावाली एक छोटी वही होती, दर पानावर एक दिवस, डावीकडे पंधरा-पंधरा मिनिटांचे चौकोन, वर स्टेशनांची नावं, आणि घरी ऐकलं की गाडीत की दुकानात त्याचा रकाना. ऐकलं की टिक करायची. मी सोमवारी वाटायचो आणि पुढच्या सोमवारी गोळा करायचो, भेट म्हणून स्टीलचा डबा. लालबागलाच एका तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची डायरी मला अजून आठवते. सातही दिवस, सकाळी ६ ते ९, एकाच निळ्या पेनाने वरून खाली एक सरळ रेघ. टिका नाहीतच, रेघ! मी म्हटलं, काकू हे रोज भरायचं होतं ना. तर म्हणाल्या, "अरे रोजचं रोज कोण लिहीत बसणार, डबे करायचे की तुझी वही भरायची? रेडिओ लागलेला असतो एवढं नक्की." म्हटलं हेच स्टेशन असतं का, तर आतल्या पोराकडे बघून म्हणाल्या, "ते ह्याला विचार, काटा हा फिरवतो."

सुपरवायझर म्हणाला, चालेल, टाक. टाकली.

बरं, त्या काकू खोटं बोलत नव्हत्या, त्यांनी जे आठवलं ते लिहिलं. डायरीत ऐकणं येतच नाही, ऐकल्याची आठवण येते. दुसऱ्या एका पोराने तर स्टेशनच्या रकान्यात नुसतं "मलिष्का" लिहून दिलं होतं, स्टेशनचं नाव नाही, फ्रिक्वेन्सी नाही. आता मलिष्का म्हणजे रेड एफएम हे आम्हाला माहीत होतं म्हणून लावलं त्या खात्यात. पण नवीन आरजे असता तर? गेलं पाण्यात.

म्हणूनच तर आपली स्टेशनं दर दोन मिनिटांनी स्वतःचं नाव आणि आकडा ओरडत असतात. लोकांना वाटतं उगाच पकवतात. तसं नाही, तुम्ही रविवारी रात्री वही भरायला बसाल तेव्हा तो आकडा डोक्यात राहायला हवा म्हणून ती सगळी घोकंपट्टी.

आता टक्क्यांचं बोलू. समजा शहरात ५०० लोकांचं पॅनेल आहे आणि तुमच्या स्टेशनला १५ टक्के मिळाले. चुकीची मर्यादा साधारण तीन टक्के वर, तीन टक्के खाली. म्हणजे खरा आकडा १२ ते १८ च्या मधे कुठेही असू शकतो. आणि मुंबईत वरची चार-पाच स्टेशनं एकमेकांना इतकी चिकटून असायची की ह्या तीन टक्क्यांत सगळ्यांची जागा बदलू शकते, तरी दर आठवड्याला कोणीतरी केक कापायचं आणि होर्डिंग लावायचं. एकाच महिन्यात तीन स्टेशनांनी नंबर वन म्हटलेलं मी स्वतः बघितलंय, आणि तिघंही आपापल्या परीने बरोबर. एक म्हणतं सगळ्यात जास्त लोकांनी आठवड्यात एकदा तरी ऐकलं, दुसरं म्हणतं सगळ्यात जास्त वेळ आमच्यावर गेला, तिसऱ्याच्या खाली बारीक अक्षरांत असतं, २५ ते ३४ वयोगट, सकाळी ७ ते ११. पहिल्याला रीच म्हणतात, दुसऱ्याला शेअर. तक्ता करताना ह्या दोघांची खिचडी करू नका, नेटवर बहुतेकांनी केलेली आहे. आणि हे माझं मत, पुरावा नाही, पण वेळ मोजला की स्वयंपाकघरातला रेडिओ जिंकतो, म्हणून जुनी गाणी लावणाऱ्याला शेअर चांगला मिळतो. रिक्षात लोक वीस मिनिटं ऐकतात आणि उतरतात.

पट्टी बदलली की आकडे कसे बदलतात ते बघायचं तर न्यूयॉर्क बघा, तिथे सलग आकडे आहेत. १९७८ च्या जुलैत डब्ल्यूकेटीयू नावाच्या स्टेशनने रातोरात डिस्को सुरू केलं आणि त्या हिवाळ्याच्या आत ११.३ टक्के घेऊन डब्ल्यूएबीसीसारख्या दादा स्टेशनला खाली पाडलं. तो जमाना डायरीचाच. २००८ ला तिथे डायरी जाऊन पेजरएवढं यंत्र आलं, लोकांनी कमरेला लावून फिरायचं. स्टेशनच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती ह्या यंत्राला ऐकू येते. लगेच काय झालं, तर माणूस आठवणीने लिहायचा त्यापेक्षा कितीतरी जास्त स्टेशनं आठवड्यात त्याच्या कानावर पडतात असं निघालं, पण प्रत्येकाला दिलेला वेळ कमी. सलूनमध्ये लागलेला रेडिओ पण धरला गेला. डायरीत निष्ठा दिसायची, यंत्रात चंचलपणा. माणसं तीच! काळ्या आणि स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांच्या स्टेशनांचे आकडे पडले, सॅम्पलवरून इतकं भांडण झालं की न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या सरकारी वकिलांनी मोजणी करणाऱ्या आर्बिट्रॉन कंपनीला कोर्टात खेचलं. आणि २०२५ च्या जानेवारीपासून नील्सनने (आता तिथली मोजणी करणारी कंपनी) नियम बदलला, पंधरा मिनिटांत पाच मिनिटं ऐकलं तर धरायचे, ते आता तीन मिनिटं केलं. म्हणजे आता २०२४ आणि २०२५ चे आकडे शेजारी ठेवून रेडिओ वाढला म्हणणारा माणूस दिसला तर समजून जा.

आपल्याकडे ते यंत्र मुंबईत आलंच नाही. ट्रायने (दूरसंचार आणि प्रसारणाची सरकारी नियामक संस्था) २०१६ ला रेडिओच्या मोजणीवर शिफारशी केल्या, सॅम्पल फार लहान आहे ही ओरड त्या आधीपासूनची. पण खर्च कोणी करायचा? टीव्हीच्या मानाने रेडिओचा गल्ला केवढासा.

आणि खरा बदल कुठल्याच डायरीत धड आला नाही असं मला वाटतं, तो म्हणजे इयरफोन. २००५ ते २०१५ च्या दरम्यान लोकलच्या डब्यात अर्धे लोक एफएम ऐकायचे, कारण फोनमध्ये एफएम होतं आणि इयरफोनची वायर हाच अँटेना. मग जिओ आलं, नेट स्वस्त झालं, वायर गेली, ब्लूटूथचे इयरबड्स आले, कित्येक फोनमधून एफएमच गेलं. २०२३ ला सरकारने फोन बनवणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की फोनमधलं एफएम चालू ठेवा, पण वायर कोण परत आणणार. आता डब्यात बघा, सगळे मान खाली घालून रील.

तर प्रोजेक्टसाठी, तीन वेगळे भाग करा. २००२ च्या आधीचं टक्क्यांत मांडूच नका, पत्रं, लायसनं, जाहिराती कधी सुरू झाल्या ह्यावर लिहा. २००२ ते २००७ रीडरशिप सर्व्हेचे आकडे, त्यात प्रश्न कसा विचारला होता (काल ऐकलं का, की आठवड्यात ऐकलं का) ते शब्दशः लिहा. २००७ च्या पुढे रॅम, पण आठवड्याचं नको, तिमाहीची सरासरी घ्या. आणि प्रत्येक आकड्यासमोर "कसं मोजलं" असा एक रकाना ठेवा. सर विचारतील हा रकाना कशाला, तेव्हा त्यांना लालबागच्या काकूंची रेघ सांगा.